मीटिंग लावली की स्क्रीन हिरवी, काळी, नाहीतर ॲपच गायब: पैसे घालण्याआधी काय तपासायचं

भुसावळला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. २०२० च्या टाळेबंदीत सुरू झालेली एक तक्रार अजून थांबलेली नाही. "बाकी सगळं नीट चालतं भो, मीटिंग लावली की स्क्रीन येडी होते." केळीचा व्यापारी असो, शाळेतल्या मॅडम असोत, नाहीतर पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारा पोरगा, वाक्य तेच. झूम, मीट, टीम्स ही नावं बदलतात. खराबी मात्र त्याच पाच-सहा जागी सापडते.

आज लिहायला बसलो त्याला कारण सावद्याचे एक काका. त्यांनी दुसऱ्या गावी लॅपटॉपचा डिस्प्ले बदलून घेतला होता, नवाकोरा, आणि मीटिंगमध्ये स्क्रीन होती तशीच लुकलुकत होती. मला दुरुस्तीला दहा मिनिटं लागली, त्यातली आठ ड्रायव्हर (विंडोज आणि मशीनचा एखादा भाग, जसं ग्राफिक्सची चिप, यांच्यात बोलणं करून देणारा प्रोग्रॅम) डाउनलोड होण्यात गेली. जुना डिस्प्ले चांगला होता. तो त्यांना परतही मिळाला नाही.

लक्षणं: तुमचं यातलं कोणतं?

समोरच्याच्या चेहऱ्याच्या जागी हिरवी चौकट दिसते, किंवा चित्रावर हिरवे-गुलाबी पट्टे येतात, आवाज मात्र स्वच्छ असतो. हे सगळ्यांत जास्त वेळा दिसतं. व्हिडिओ पाठवताना लाल-हिरवा-निळा असा पाठवत नाहीत. उजेडाचा एक आकडा आणि रंगाचे दोन, असे तीन आकडे पाठवतात. तिन्ही शून्य असले की हिशेबाने जो रंग निघतो तो हिरवा. म्हणजे ही चौकट रंगवलेली नसते, रिकामी असते. चित्र उलगडण्याचं काम ज्याच्याकडे होतं त्याने काहीच हातात दिलेलं नाही. संशय सरळ ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर.

दुसरं, तुम्ही स्क्रीन शेअर करता, तुम्हाला सगळं दिसतं, समोरच्यांना काळं. किंवा फक्त वॉलपेपर.

तिसरं, अख्खी स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते, आणि त्या झटक्यात मीटिंगचं ॲप बंद पडलेलं असतं.

चौथं, ॲप काही न बोलता बंद पडतं. इथे वेळ महत्त्वाची. उघडताक्षणी पडत असेल तर कारण वेगळं, रोज वीस-पंचवीस मिनिटांनी पडत असेल तर वेगळं.

पाचवं, उभ्या रेघा, आणि झाकण थोडं हलवलं की त्या बदलतात. हे मीटिंगमुळे होत नाही. मीटिंगमध्ये तुम्ही तासभर एकटक बघता म्हणून लक्षात येतं, एवढंच.

आणि एक लक्षण या यादीत लोक उगाच घालतात: चेहरा चौकोनाचौकोनांत फुटतो, ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. हे इंटरनेटचं दुखणं. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बघा. फरक पडला तर पुढचं वाचत बसू नका, तुमचा लॅपटॉप ठीक आहे.

हात लावण्याआधी तीन चाचण्या

यांना एक रुपया लागत नाही, आणि माझं निम्मं निदान इथेच होतं.

पहिली, स्क्रीनशॉट. गडबड दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या, मोबाईलवर पाठवा आणि तिथे उघडा. मोबाईलवरच्या स्क्रीनशॉटमध्येही पट्टे दिसले तर चित्र काढतानाच बिघडतंय, म्हणजे ॲप, ड्रायव्हर किंवा ग्राफिक्सची चिप. स्क्रीनशॉट स्वच्छ आला तर चित्र नीट काढलं गेलंय, पडद्यापर्यंत जाताना बिघडतंय, म्हणजे डिस्प्लेची केबल किंवा पॅनेल. सावद्याच्या काकांनी हे एवढं केलं असतं तर डिस्प्लेचे पैसे वाचले असते. एक लक्षात ठेवा: मोबाईलने लॅपटॉपच्या पडद्याचा काढलेला फोटो इथे चालत नाही, त्यात दोन्ही खराबी सारख्याच दिसतात. दुकानात निम्मे लोक तोच फोटो घेऊन येतात.

दुसरी चाचणी मायक्रोसॉफ्ट स्वतः सुचवतं. स्क्रीन लुकलुकत असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. टास्क मॅनेजरसुद्धा लुकलुकत असेल तर दोष बहुतेक डिस्प्ले ड्रायव्हरचा. बाकी सगळं लुकलुकतंय आणि तो मात्र शांत बसलाय, तर दोष कुठल्यातरी ॲपचा.

तिसरी: मीटिंगमधल्या एखाद्याला विचारा, "तुला माझं कसं दिसतंय?" तुमच्याकडे सगळे हिरवे आणि त्याला तुम्ही स्वच्छ दिसत असाल, तर तुमचा कॅमेरा आणि पाठवणी ठीक, येणारा व्हिडिओ उलगडताना बिघाड. उलट असेल तर कॅमेऱ्याकडे बघा. तुमच्याकडे सगळे नीट दिसतात आणि एकच माणूस हिरवा, तर खराबी त्याच्या घरी. त्याला हा लेख पाठवा.

एकच ॲप, मग माझ्याच लॅपटॉपवर का?

हा प्रश्न रोज येतो. उत्तर लांबलचक नाही. झूमसारखं ॲप विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे सारखंच दिसतं, पण पडद्यावर चित्र काढायला प्रत्येक ठिकाणी वेगळा कारागीर असतो. विंडोजवर डायरेक्ट-थ्रीडी, मॅकवर मेटल, लिनक्सवर ओपनजीएल नाहीतर व्हल्कन. त्या कारागिराच्या खाली ग्राफिक्स कंपनीचा ड्रायव्हर. व्हिडिओ उलगडणारा भाग चिपमध्येच बसवलेला असतो, आणि तोही इंटेल, एएमडी, एनव्हिडियाचा आपापला. म्हणून एकाच मीटिंगमध्ये, एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांपैकी ज्याचा ड्रायव्हर जुना तो रडतो.

आता तपासण्या, फुकटातल्या आधी

*रीस्टार्ट.* हसू नका. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. ती चालू असली की 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. तो डिस्कवर जपून ठेवतात आणि सकाळी तोच उचलतात. म्हणजे अडकलेला ड्रायव्हरसुद्धा तसाच उचलला जातो. "रोज बंद करतो ना भाऊ" म्हणणाऱ्यांचा लॅपटॉप खरं तर महिनाभर नव्याने सुरूच झालेला नसतो. मेनूतलं 'रीस्टार्ट' निवडा, ते खरं.

*भर मीटिंगमध्ये वेळ नसेल तर* विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. एक टुक आवाज येतो, स्क्रीन क्षणभर काळी होते, आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडी कामं जात नाहीत. याने गडबड थांबली तर ती दुरुस्ती समजू नका, तो पुरावा आहे: दोष ड्रायव्हरच्या बाजूचा.

*आजूबाजूची गर्दी कमी करा.* व्हर्च्युअल बॅकग्राउंड आधी बंद. तुमच्या मागची भिंत पुसून तिथे समुद्रकिनारा लावायला प्रोसेसरला व्हिडिओच्या प्रत्येक चित्रात तुमची कड शोधावी लागते, आणि ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनला ते झेपत नाही. मग स्क्रीन रेकॉर्डर, गेमचे ओव्हरले (खेळाच्या चित्रावर वरून आकडे-गप्पा दाखवणारे प्रोग्रॅम), चेहऱ्यावर चष्मे-टोप्या चढवणारे फिल्टर. हे प्रोग्रॅम दुसऱ्याच्या चित्रात मध्येच हात घालतात, आणि दोघांचे हात एकाच ताटात गेले की ॲप पडतं. अमळनेरच्या एका शिक्षिका ताईंचं टीम्स उघडताक्षणी मिटायचं. मुलाने गेमसाठी टाकलेला रेकॉर्डर मागे चालू होता. तो काढला, संपलं. स्नॅप कॅमेरा हा असाच फिल्टर वापरत असाल तर तो २०२३ च्या जानेवारीत कंपनीनेच बंद केलाय. कॅमेऱ्यांच्या यादीत त्याचं नाव दिसत असेल तर ते रिकामं नाव आहे, अनइन्स्टॉल करा.

*ॲप सोडून ब्राउझरमधून जा, ब्राउझरमध्ये असाल तर ॲपमधून.* झूमच्या लिंकवर ब्राउझरमधून जॉइन होता येतं, टीम्सलाही. एका वाटेने नीट चालतं आणि दुसरीने नाही, तर डिस्प्ले, केबल, रॅम या सगळ्यांवरचा संशय बराच कमी होतो. आणि आजची मीटिंग निघून जाते, हा फायदा वेगळा.

*ॲप जुनं आहे का?* अपडेट करा, तरी तसंच तर काढून पुन्हा टाका. टीम्ससाठी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत टीम्स शोधा, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडा, 'रीसेट' दाबा; बिघडलेली साठवण पुसली जाते, लॉगिन मात्र पुन्हा करावं लागतं. विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांसाठी वाईट बातमी जुनी आहे: क्रोमची १०९ ही त्यांच्यासाठीची शेवटची आवृत्ती होती, २०२३ च्या सुरुवातीची. त्या मशीनवर मीट अडखळलं तर ते दुरुस्त होण्यातलं नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण तो अजून चालतो, घाबरून लॅपटॉप विकू नका. आणि स्काइप मे २०२५ मध्ये बंदच झालं. अजूनही "नातवाचा स्काइप लागत नाही" म्हणून एखादे आजोबा येतात. त्यांना काय सांगणार, मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून देतो.

अँड्रॉइड फोनवर ॲप सारखं पडत असेल तर प्ले स्टोअरमध्ये 'अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू' शोधून अपडेट करा. हा भाग बाकीच्या ॲपांना आतल्या आत वेब पानं दाखवायला लागतो. २०२१ च्या मार्चमध्ये त्याच्याच एका बिघडलेल्या अपडेटने जगभरातल्या फोनवर धडाधड ॲप पडत होती. त्या दिवशी लोकांनी फोन फॉरमॅट करून घेतले आणि फोटो घालवले.

हार्डवेअर ॲक्सिलरेशन: इथे जरा थांबा

हिरव्या चौकटीच्या तक्रारीला मी सगळ्यांत आधी हेच करतो.

व्हिडिओ उलगडायचं काम दोघे करू शकतात. प्रोसेसर, जो हळू पण बिनचूक करतो. आणि ग्राफिक्स चिप, जी भराभर करते पण ड्रायव्हर नीट असेल तरच. ॲप शक्यतो चिपला सांगतं, त्यालाच हार्डवेअर ॲक्सिलरेशन म्हणतात. ते बंद केलं की काम प्रोसेसरकडे जातं आणि बिघडलेला ड्रायव्हर वाटेतून बाजूला होतो.

क्रोममध्ये: सेटिंग्ज, मग सिस्टीम, तिथे 'ग्राफिक्स ॲक्सिलरेशन' वापरण्याचं बटण. बंद करा, 'रीलाँच' दाबा. झूममध्ये: सेटिंग्ज, व्हिडिओ, खाली 'ॲडव्हान्स्ड'. तिथे व्हिडिओ पाठवण्यासाठी आणि घेण्यासाठी वेगवेगळ्या खुणा असतात. तिसऱ्या चाचणीत जी बाजू बिघडलेली आढळली तेवढीच खूण काढा. त्याच पानावर 'व्हिडिओ रेंडरिंग मेथड' असते. 'ऑटो'च्या जागी डायरेक्ट-थ्रीडी ११, तो नाही जमला तर ९ लावून बघा. आवृत्तीप्रमाणे ही बटणं थोडी इकडेतिकडे सरकतात, शोधायला कंटाळू नका.

पण हे बंद ठेवून विसरून जाऊ नका. सगळा भार प्रोसेसरवर आला की पंखा जोरात फिरतो, बॅटरी लवकर उतरते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात लॅपटॉप तव्यासारखा तापतो. मग वीस मिनिटांनी ॲप पडायला लागतं आणि लोक म्हणतात, भाऊने एक बरं केलं नि दुसरं बिघडवलं. हे बंद केल्यावर हिरवं गेलं, तर त्याचा अर्थ एवढाच की ड्रायव्हर बदलायचाय. तो बदला आणि बटण पुन्हा चालू करा.

ड्रायव्हर: खरा गुन्हेगार बहुतेक वेळा हाच

विंडोज ग्राफिक्स चिपला उत्तर द्यायला दोन सेकंद देतं. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर चिप अडकली असं समजून ड्रायव्हर झटकून पुन्हा उभा करतं. स्क्रीन क्षणभर काळी होते ती यामुळे. त्या वेळी ज्या ॲपला आपला कारागीर अचानक गायब झालेला सोसत नाही, ते पडतं. तिसरं लक्षण सांगितलं ना, ते हे.

पुरावा बघायचा असेल तर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा आणि 'रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. दिवसांच्या रांगेत लाल फुल्या दिसतील. ज्या दिवशी मीटिंग पडली ती फुली उघडा आणि 'फॉल्ट मॉड्यूल नेम' वाचा. नावाची सुरुवात आयजीडी या अक्षरांनी असेल तर इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर, एनव्हीने असेल तर एनव्हिडिया, एटीआय किंवा एएमडीने असेल तर एएमडी. दरवेळी वेगळंच नाव येत असेल, एकदा ब्राउझर, एकदा वर्ड, एकदा आणखी काही, तर ड्रायव्हर सोडा आणि खाली रॅमचा परिच्छेद वाचा.

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले ॲडॅप्टर्स' उघडा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर' असं नाव दिसलं तर लॅपटॉपला ग्राफिक्सचा ड्रायव्हरच नाही, विंडोज कसंबसं चित्र काढतंय. घाईत विंडोज टाकून दिलेल्या मशीनवर हे फार दिसतं. टाकून देणाऱ्याचं बिल मात्र पूर्ण असतं.

नवा ड्रायव्हर घ्यायचा तो लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, आपल्या मॉडेलचं नाव टाकून. कंपनी त्यात आपल्या मशीनपुरते बदल करते, म्हणून आधी तो. त्याने भागलं नाही तर चिपच्या कंपनीचा. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' म्हणणारे प्रोग्रॅम चुकूनही टाकू नका. त्यांनी टाकलेले चुकीचे ड्रायव्हर काढायला मला जास्त वेळ लागतो.

गडबड परवाच्या अपडेटनंतरच सुरू झाली असेल तर पुढे जायचं नाही, मागे यायचं. ॲडॅप्टरवर उजवी क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'ड्रायव्हर', 'रोल बॅक'. हे बटण फिकट असेल तर मागची आवृत्ती शिल्लक नाही.

शेअर केलं की काळं

दोन ग्राफिक्स चिपा असलेल्या लॅपटॉपवर, म्हणजे एक प्रोसेसरमधली आणि एक गेमसाठीची, मीटिंगचं ॲप एका चिपेवर आणि पडदा दुसऱ्या चिपेवर चालतो. मग ॲप जिथून चित्र उचलायला जातं तिथे काहीच नसतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, 'ग्राफिक्स' या ठिकाणी ॲपचं नाव जोडा आणि 'पॉवर सेव्हिंग' निवडा. नाही जमलं तर उलटं, 'हाय परफॉर्मन्स'. ॲप पूर्ण बंद करून उघडल्याशिवाय फरक दिसत नाही.

मॅकवर समोरच्यांना फक्त वॉलपेपर दिसतो आणि खिडक्या गायब असतात. हा बिघाड नाही. २०१९ च्या कॅटालिना या मॅकच्या आवृत्तीपासून ॲपला स्क्रीन बघायला परवानगी लागते. सिस्टीम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीच्या भागात 'स्क्रीन रेकॉर्डिंग' शोधा, ॲपचं बटण चालू करा, ॲप बंद करून उघडा. काम झालं.

लिनक्सवाले आपल्याकडे कमी, बहुतेक इंजिनिअरिंगची पोरं. धुळ्याच्या एका विद्यार्थ्याने उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) दोनदा फॉरमॅट केलं होतं, स्क्रीन शेअर काळी येते म्हणून. पडद्यावर खिडक्या मांडायला उबुंटू आता वेलँड नावाची नवी व्यवस्था वापरतं. एक्सऑर्ग या जुन्या व्यवस्थेत कुठलंही ॲप अख्खा पडदा बघू शकायचं. वेलँडमध्ये ते बंद, ॲपला मध्यस्थामार्फत मागावं लागतं आणि चित्र पाइपवायर नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅममधून येतं. ज्या ॲपला ही नवी रीत कळत नाही त्याला काळं मिळतं. लॉगिनच्या पानावर खालच्या कोपऱ्यातल्या चक्रावर 'उबुंटू ऑन एक्सऑर्ग' निवडून बघा. उबुंटू २५.१० पासून ती निवडच काढून टाकलीय. तिथे मीटिंग ब्राउझरमधून करा, ब्राउझरला नवी रीत येते.

उन्हाळा आणि रुई

हा भाग पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलेल्या सल्ल्यांत सापडत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. लॅपटॉप थंड होतो तो बाहेरची हवा आत ओढून, आणि ती हवाच इतकी गरम. वर मीटिंग म्हणजे कॅमेरा, माइक, व्हिडिओ पाठवणं, घेणं, सगळं एकदम. प्रोसेसर साधारण १०० अंशांच्या जवळ गेला की स्वतःच वेग कमी करतो, चित्र अडखळतं; त्याहून तापला तर मशीन बंद. म्हणून वेळेचा प्रश्न विचारला होता. एक चाचणी करा: तीच मीटिंग, तेच ॲप, सकाळी सहाला आणि दुपारी तीनला. सकाळी तासभर चालतं आणि दुपारी वीस मिनिटांत पडतं, तर सॉफ्टवेअरला हात लावू नका.

आणि रुई. वेचणी सुरू झाली की गावात कापसाचे तंतू हवेत असतात, जिनिंगच्या आजूबाजूला तर विचारू नका. लॅपटॉपचा पंखा ते ओढतो, आणि पंखा व उष्णता बाहेर टाकणाऱ्या तांब्याच्या पंखड्या यांच्यामध्ये त्याची अक्षरशः गादी तयार होते. मी चिमट्याने अख्खी पट्टी सोलून काढलीय, निरांजनाची वात वळता येईल एवढी. बाहेरून काही दिसत नाही, पंखा फिरताना ऐकू येतो, हवा मात्र बाहेर येत नाही. कडेच्या जाळीसमोर हात धरा. पंखा जोरात आणि हाताला झुळूक नाही, तर गादी बसलीय.

घरी करायचं असेल तर लॅपटॉप बंद करून, जाळीतून थोडा थोडा ब्लोअर मारा, आणि जमल्यास पंखा काडीने अडवून धरा. मोकळा सोडला तर तो हवेने भलत्या वेगात फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. खाट, गादी, उशी यावर लॅपटॉप ठेवून मीटिंग नको. खालची जाळी झाकली जाते. कूलरच्या थेट तोंडासमोरही नको, गार वाटतं पण पाण्याचे तुषार आत जातात. कूलर बाजूला, साधा पंखा समोर.

वीज, केबल, रॅम

चार्जर काढून बॅटरीवर चालवा. लुकलुकणं फक्त चार्जर लावल्यावर असेल तर चार्जर किंवा घरातली अर्थिंग तपासायची, चार्जर दुसऱ्याचा लावून. उलट फक्त बॅटरीवर लुकलुकत असेल तर ती वीज वाचवण्यासाठी पडद्याशी चाललेली छेडछाड आहे. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेची पॉवर सेव्हिंग बंद करा.

प्रोजेक्टरवर किंवा टीव्हीवर रंग बिघडले तर आधी केबल. चोपड्याला एका घरी साखरपुड्याला नवरदेवाचे अमेरिकेतले काका ऑनलाइन होते आणि मंडपात प्रोजेक्टर. पडद्यावर काका, काकू, त्यांची भिंत, सगळं गुलाबी. लोक म्हणाले, तिकडची लाइटच तशी असेल. जुन्या व्हीजीए केबलमध्ये १५ पिना असतात, पहिल्या तीन लाल, हिरवा, निळा नेतात. हिरव्याची पिन वाकली होती. हिरवा गेला की गुलाबी-जांभळं, निळा गेला की पिवळं, लाल गेला की आकाशी. पिन सरळ केली आणि काका गोरे झाले.

रॅमची खराबी ग्राफिक्ससारखी दिसते, कारण साध्या लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप स्वतःची मेमरी नसल्याने याच रॅममधून जागा घेते. स्टार्टमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' टाइप करून चाचणी लावा आणि चहा प्यायला जा. सी ड्राइव्ह गच्च भरलेला असेल तर तोही मोकळा करा. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची जागा वापरतं, आणि तिथेही जागा नसली की ॲप पडतं.

इथे थांबा, दुकान गाठा

लॅपटॉप सुरू होताना, विंडोज येण्याआधीच्या कंपनीच्या नावाच्या पानावर किंवा बायोसमध्येच (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मशीनमध्येच बसवलेल्या प्रोग्रॅममध्ये) रेघा-ठिपके दिसत असतील तर कुठलंही सेटिंग कामाचं नाही. तिथे विंडोजचा ड्रायव्हर अजून आलेलाच नसतो. बाहेरचा मॉनिटर लावा: त्यावर स्वच्छ तर डिस्प्ले किंवा बिजागरीतली केबल, त्यावरही रेघा तर मदरबोर्डवरची चिप. पहिलं परवडतं. दुसऱ्यासाठी 'चिप गरम करून देतो' असं कुणी म्हणालं तर माझं मत स्पष्ट आहे: ते काही आठवडे चालतं, पुन्हा जातं. जुन्या मशीनवर तो खर्च करू नका.

टचपॅड वर आलाय, तळ फुगलाय, झाकण नीट बसत नाही, तर बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, चालू करू नका, दाबू नका, टोचू तर मुळीच नका. जळका वास आला तरी तसंच. डेस्कटॉपचा वीजपुरवठ्याचा डबा घरी उघडायचा नाही; प्लग काढल्यावरही आत भार राहतो. मेमरीच्या चाचणीत चुका निघाल्या तर रॅम काढून-घालून बघायला दुकानात या. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ड्रायव्हरलाही हात न लावता ऑफिसच्या माणसाला कळवा, नाहीतर दोष तुमच्यावर येतो.

आणि गुगलवर सापडलेल्या 'कस्टमर केअर' नंबरवर फोन करून कुणाला आपल्या स्क्रीनचा ताबा देऊ नका. दिला असेल आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर सायबर तक्रार करा, लॅपटॉपचं नंतर बघू.

दुकानात येताना एका कागदावर लिहून आणा: कोणतं ॲप, उघडताच पडतं की किती मिनिटांनी, स्क्रीनशॉटमध्ये गडबड दिसते का, कोणत्या अपडेटनंतर सुरू झालं. आणि चार्जर सोबत आणा. निम्मे लोक तोच घरी विसरतात.